एक मूल कमी

"तुमचा स्वतःचा मुलगा कुठल्या शाळेत शिकला, बाई?" असं हिरानं विचारलं तेव्हा तिचे दोन्ही हात कणकेत होते आणि तिनं मान वरही केली नव्हती. विचारण्यात काही खोच नव्हती. ही कोथिंबीर कुठून घेतलीत, इतक्या सहज तिनं विचारलं. प्रेमलाबाई वाघमारे एकतीस वर्षं शिकवत होत्या आणि त्यातली शेवटची सोळा वर्षं दर मे महिन्यात अशा परक्या दारांत उभ्या राहत आल्या होत्या. शाळा किती वाजता भरते, इंग्रजी पहिलीपासून आहे का, बाई मारतात का, या सगळ्याची उत्तरं त्यांना झोपेतसुद्धा देता आली असती. हा प्रश्न मात्र सोळा वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि विचारला तर काय सांगायचं हे त्यांनी कधी ठरवलंही नव्हतं. "आमच्याच शाळेत," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"मंग झालं की," हिरा म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "बाईनं स्वतःचं लेकरू जिथं घातलं, तिथं माझी राधा. आमचे मालक म्हणत्यात इंग्लिशलाच घालायची. तिकडं फुरसुंगीला दिराची पोरं टाय लावून बसनं जात्यात, ते बघून यांच्या डोक्यात भरलंय. पर मी सांगीन त्यांना." तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि फॉर्मवर सावकाश सही केली. सदाशिव पेठेतल्या एका मेसच्या मागच्या खोलीत ती राहत होती आणि पुढच्या स्वयंपाकघरात स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटत होती. राधा सहा वर्षांची, भिंतीला टेकून सही बघत होती. बाईंनी जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स आणि राधाचे दोन फोटो फॉर्मला टाचले, फॉर्म पिशवीत घातला, आणि जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला दम लागला आहे.

खाली सोनाली स्कूटर सावलीत लावून उभी होती. बाईंचा चेहरा बघून तिला काही समजेना, म्हणून तिनं नुसतीच भुवई उडवली. बाईंनी मान हलवली, तशी ती भर रस्त्यात "विसावं!" म्हणून ओरडली आणि मग लाजून इकडंतिकडं बघायला लागली. संस्थेनं एप्रिलमध्येच सांगून टाकलं होतं की दहा जूनपर्यंत पहिलीला वीस मुलं झाली तर वर्ग भरेल, नाही झाली तर भरणार नाही. वर्ग भरला नाही तर एक शिक्षक जास्त होणार, आणि जास्त झालेला म्हणजे सगळ्यांत शेवटी लागलेला, म्हणजे सोनाली. मग ती जिल्ह्यात कुठंही जाणार, वेल्ह्याला, जुन्नरला, जिथं जागा निघेल तिथं. तिचा मुलगा चार वर्षांचा होता, घर वारज्याला, सासूबाई गुडघ्यांनी आजारी. हे ती कधी बोलून दाखवत नसे. गेले बावीस दिवस ती बाईंना स्कूटरवर मागं बसवून दत्तवाडी, लोहियानगर, पर्वती पायथा असं फिरवत होती, प्रत्येक जिन्यापाशी "तुम्ही बोला बाई, तुमचं ऐकतात" असं म्हणत होती, आणि बाई बोलत होत्या. "चला, आज रस पाजते तुम्हाला," सोनाली म्हणाली. "आले टाकून. नाही म्हणायचं नाही."

रसवंतीच्या लोखंडी खुर्चीवर बसल्यावर बाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की, आपण खोटं कुठं बोललो? अनिरुद्ध आपल्याच शाळेत होता. बालवर्गापासून चौथीपर्यंत होता, दुसऱ्या बाकावर, खिडकीकडं. चौथीपर्यंत म्हणजे शाळाच ना. हिरानं कितवीपर्यंत असं विचारलं नव्हतं. असा हिशेब त्या वर्गातल्या एखाद्या पोरानं त्यांच्यापुढं मांडला असता, तर त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडं नुसतं बघितलं असतं आणि पोरगं आपोआप खरं बोललं असतं. आता त्यांच्याकडं चष्म्यावरून बघणारं कुणी नव्हतं. समोर सोनाली मोबाईलवर मुख्याध्यापकांना सांगत होती, "झाले सर, वीस झाले," आणि चरकातून ऊस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पिळून निघत होता. एवढं पिळल्यावर त्यात काय राहत असेल, असं त्यांना वाटलं, आणि फार थकवा आला. हा थकवा उन्हाचा नव्हता, वयाचाही नव्हता. तो जुना होता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अनिरुद्धचा. खराडीतल्या ऑफिसातून तो जेवणाच्या सुट्टीत फोन करी, आणि मागं नेहमी कुणीतरी इंग्रजीत हसत असे. "आई, झाला का तुझा पट?" त्यानं विचारलं. घरात या शब्दाला वेगळंच वजन होतं. पट म्हणजे शाळेतल्या मुलांचा आकडा, पण वाघमाऱ्यांच्या घरात पट म्हणजे मे महिन्यात आई कुठंही येत नाही त्याचं कारण. "झाला," त्या म्हणाल्या. "येस! मग शनिवारी फायनल. बाबांना मी पटवलंय. पूर्वानं, तुझ्या सुनेनं, कूर्गचं सगळं बुकिंग केलंय, आणि विंडो सीट तुझी. आता नो एक्स्क्यूजेस, आई. सोळा वर्षांनी येतेयस." सोळा हा आकडा त्यानं नेमका सांगितला. म्हणजे तो मोजत होता. त्यांनी "हो रे, येते" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर त्यांना श्रीवर्धनची ती खोली आठवली. ती खोली आठवायची नाही म्हणून त्या इतकी वर्षं दारोदार हिंडल्या होत्या की काय, कुणास ठाऊक.

शहाण्णव सालचा मे. यांना टेलिफोन खात्यातून प्रवासाची सवलत मिळाली होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिघं म्हणून कुठंतरी निघाले होते. अनिरुद्ध दहा वर्षांचा. त्यानं समुद्र पाहिला नव्हता. एसटीत तो सगळा घाटभर तोंडानं लाटांचे आवाज काढत होता, आणि बाईंच्या पिशवीत दोन साड्यांच्या मध्ये इंग्रजी शब्दांची वही होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात नव्या शाळेत त्याची तोंडी परीक्षा होती. पाचवीला बाहेरचं मूल घेत नव्हते, एका ओळखीनं फक्त परीक्षेला बसू देणार होते. रोज पन्नास शब्द, असा बाईंचा हिशेब होता. पहिल्या दिवशी तो खाटेवर वही घेऊन बसला, पण दर शब्दाला त्याची मान खिडकीकडं वळायची. मग त्यांनी उठून खिडकी लावली. लाकडी झडपा होत्या, कडी घट्ट होती, ती त्यांनी तळहातानं ठोकून बसवली. समुद्राचा आवाज तरीही येतच होता. हे एकटेच पोहून यायचे आणि ओल्या अंगानं दारात उभे राहायचे. तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी त्याला अर्धा तास पाण्यावर नेलं, तेव्हा तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, शूजमध्ये वाळू जाईल, जाऊया का?" दहा वर्षांचं पोरगं असं म्हणालं. पुढं तो परीक्षेत पास झाला. त्यानं त्या सुट्टीचं नाव पुन्हा कधी काढलं नाही, आणि त्यांनीही नाही.

त्यांना तसं वाईट काहीच करायचं नव्हतं. त्यांचे वडील, तात्याराव, खडकीच्या कारखान्यात चाळीस वर्षं राबलेले. छप्पन साली नागपूरला जाऊन आलेले, आणि तिथून आल्यापासून घरात एकच गोष्ट पूजेसारखी चाललेली: शिकणं. मुलगी शिक्षिका झाली त्या दिवशी त्यांनी अख्ख्या चाळीला चहा पाजला होता. तेच तात्याराव शहाण्णव साली जानेवारीत म्हणाले, "प्रेमला, तू चांगलंच शिकवतेस, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण या पोराला इंग्रजी पाहिजे. आपल्याला जे उशिरा मिळालं ते त्याला वेळेवर मिळू दे." लक्ष्मी रोडवर तेव्हा जिन्याजिन्याला कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. साहेबांच्या, डॉक्टरांच्या, वकिलांच्या घरची मुलं केव्हाच गेली होती, त्यांना कुणी जाब विचारला नव्हता. आणि तात्यारावांना नाही म्हणायचं म्हणजे कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्यांनी दाखला काढला. कारणाच्या रकान्यात काय लिहू असं कारकुनानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, राहण्याचं ठिकाण बदललं. शाळेत सगळ्यांना सांगितलं की वडील एकटे पडलेत, त्यांना सोबत म्हणून अनिरुद्धला खडकीला ठेवतोय, तिकडंच घालू कुठंतरी. अनिरुद्ध खडकीला आठ दिवस राहिला.

पाचवीच्या दुसऱ्या तुकडीला माधव सर होते. सगळ्यांत शेवटी लागलेले, सव्वीस वर्षांचे, पाढे चालीवर म्हणायचे आणि म्हणवून घ्यायचे. अनिरुद्ध त्यांचा लाडका, चौथीत असतानाच "तू माझ्या तुकडीत येणार" असं सरांनी त्याला सांगून ठेवलं होतं. ऑक्टोबरमध्ये पट तपासायला शिक्षण खात्यातले साहेब आले आणि त्यांनी मुलं व्हरांड्यात उभी करून मोजली. एकदा मोजली, दोनदा मोजली. दुसरी तुकडी राहायला एक मूल कमी पडत होतं. "एक पोरगं असतं तर वाचलो असतो हो," मुख्याध्यापक म्हणाले, आणि माधव सर हसून म्हणाले, "मीच बसतो की बाकावर. गणितात पासही होईन." सगळे हसले. प्रेमलाबाई हजेरीपट छातीशी धरून उभ्या होत्या, त्याही हसल्या. दिवाळीनंतर सर वेल्ह्याकडं कुठंतरी गेले. त्यांची बायको पुण्यात नोकरीला, म्हणून आधी आठवड्याला येऊन-जाऊन, मग बिऱ्हाड हलवून, मग पुन्हा दुसरी शाळा, पुन्हा बिऱ्हाड. पाच वर्षांनी अप्पा बळवंत चौकात ते त्यांना भेटले, हातात दोरीनं बांधलेली पाठ्यपुस्तकं. "मुलीची ही तिसरी शाळा, बाई," ते म्हणाले. "आता तिनं मैत्रिणी करायचंच सोडून दिलंय. म्हणते, कशाला उगाच." हे सांगताना ते हसतच होते. अनिरुद्ध काय करतो, असंही त्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, चांगला अभ्यास करतो. त्या दिवशी त्यांना सांगता आलं असतं. गर्दी होती, असं त्यांनी नंतर स्वतःला सांगितलं.

माधव सर गेले त्याच्या पुढच्या मे महिन्यापासून त्या मुलं गोळा करायला निघाल्या. सुरुवातीला शाळेतल्या कुणालाच ते सुचलं नव्हतं, नंतर सगळ्याच मराठी शाळांतले शिक्षक हिंडायला लागले. हे आणि अनिरुद्ध उटीला गेले, सिमल्याला गेले, एकदा अंदमानलाही गेले. त्या फोटोंमध्ये दोघं कडेला उभे असत आणि मध्ये थोडी जागा सोडलेली असे, किंवा त्यांनाच ती दिसे. घरात सगळ्यांना वाटे, आईचं शाळेवर फार प्रेम. संस्थेनं एकदा त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि भाषणात कुणीतरी त्यांच्या निष्ठेचा उल्लेख केला, तेव्हा त्यांनी नारळ इतका घट्ट धरला की शेंडी हातात आली. सोळा वर्षांत त्यांनी शाळेत आणलेली मुलं दोनशेच्या वर गेली असतील. पण ते एक मूल काही भरून निघत नव्हतं. आज ते निघालं होतं, विसावं. सोनाली वाचली होती आणि शनिवारी त्या कूर्गला जाणार होत्या. त्यासाठी फक्त एका बाईला, जिनं त्यांच्यावर भरवसा ठेवला, तिला त्यांनी अर्धवट सांगितलं होतं. या पेठेत याहून मोठ्या थापा लोक सकाळी दुधासाठी रांगेत उभे राहून मारतात.

"बाई, रस गरम झाला तुमचा," सोनाली म्हणाली.

"मी जरा परत जाऊन येते," त्या म्हणाल्या.

"का? सही राहिली का? मी जाते ना."

"नको. तू बस."

हिरा आता पुढच्या स्वयंपाकघरात होती. मोठा तवा तापला होता आणि ती एका हातानं लाटत, दुसऱ्यानं पोळी उलटत होती. "काय राह्यलं, बाई?"

"काही राहिलं नाही. मघाशी तुम्ही विचारलंत ना, माझा मुलगा कुठं शिकला. तो आमच्या शाळेत चौथीपर्यंतच होता. मग मी त्याला काढला आणि इंग्रजी शाळेत घातला. ते सांगायचं होतं."

हिरानं तव्यावरची पोळी उतरवली आणि गॅस बारीक केला. "का काढला? शाळा वाईट हाय का?"

"नाही. चांगली आहे. तेव्हाही चांगली होती."

"मंग?"

मंग याचं उत्तर श्रीवर्धनपासून खडकीपर्यंत पसरलेलं होतं, आणि ते पोळपाटासमोर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. हिरानं वाट बघितली, मग तिनंच पुढचं विचारलं. "आता काय करतो?"

"कॉम्प्युटरमध्ये आहे. खराडीला."

"चांगलं हाय त्याचं?"

इथं त्यांना खूप काही सांगता आलं असतं. घोट्याएवढ्या पाण्याचं सांगता आलं असतं. तो फोनवर आईशीसुद्धा अर्धं इंग्रजीत बोलतो, कधीकधी आपण काय बोललो ते त्याला दोनदा सांगावं लागतं, हेही सांगता आलं असतं. ते सगळं खरं होतं, आणि ते सांगितलं असतं तर कदाचित राधा त्यांच्याच शाळेत राहिली असती. पण विचारलं ते हे नव्हतं. त्यांचा मुलगा सुखात होता. त्याला कधी कुणापुढं मान खाली घालावी लागली नव्हती. तात्याराव मरताना त्याच्या पहिल्या पगाराचं पत्र हातात धरून गेले होते.

"हो," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे. फार चांगलं आहे."

"मंग द्या तो फॉर्म, बाई," हिरा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या लेकीचंपण चांगलंच व्हायला पायजे की."

त्यांनी पिशवीतून फॉर्म काढून पुढं केला. हिरानं पिठाच्या हातांनी तो घेतला नाही, "ते फोटो तेवढे सोडवून द्या, दुसरीकडं लागतील" म्हणाली. बाईंनी नखानं पिना काढल्या. एक पीन बोटात गेली. राधा दारात येऊन बघत होती, आपले फोटो का सोडवताहेत हे तिला समजत नव्हतं.

"नसतं सांगितलं तर मला काय कळणार हुतं?" हिरानं मागून विचारलं.

"नसतंच कळलं," बाई म्हणाल्या.

सोनाली स्कूटरवर बसून होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, उभ्यानं, आधी हिराचं आणि मग माधव सरांचं. कारणाचा रकाना, खडकीचे आठ दिवस, व्हरांड्यातली मोजणी, काहीच वगळलं नाही. त्यांना वाटलं होतं की हे सांगताना रडू येईल, पण आलं नाही. उलट जसजसं सांगत गेल्या तसतसं हलकं वाटत गेलं, आणि तेच त्यांना सहन होईना, कारण समोर सोनालीचा चेहरा उतरत चालला होता. दहा जूनला अजून सतरा दिवस होते. एक मूल मिळेलही. नाहीही मिळणार. बावीस दिवसांत एकोणीस मिळाली होती आणि ओळखीची सगळी दारं संपली होती. "शनिवारी मी कुठं जात नाही," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी आठला निघू. जनता वसाहत राहिलीय. आणि नाहीच झालं, तर तुझ्याऐवजी माझं नाव द्या, असं मुख्याध्यापक सरांना लिहून देते."

"नियमात बसत नाही ते," सोनाली म्हणाली. "मी विचारलंय आधीच. म्हणजे तुमच्यासाठी नाही, एकूण विचारलं होतं." मग तिनं हँडलवरची धूळ बोटानं पुसली. "माधव सरांना सांगितलंत कधी?"

"नाही."

"मला सांगितलंत," ती म्हणाली.

तिनं हे उपकार मानून म्हटलं की टोचून, हे बाईंना कळलं नाही. इतकी वर्षं पुण्यात काढूनही कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. सोनालीनं स्कूटर चालू केली आणि मागं न बघता म्हणाली, "बसा." एरवी त्या बसल्या की सोनालीच्या खांद्यावर हात ठेवत, वळणावर तो घट्ट धरत. आज त्यांनी सीटमागची लोखंडी कडी शोधली. उन्हानं ती चटका बसेल इतकी तापली होती. त्यांनी ती धरली आणि शाळेपर्यंत सोडली नाही.